आप्पांची काळीपिवळी

दिवाळीच्या थोडं आधी माझा मामेभाऊ घरी आला. नंदुरबारात त्याचं गॅरेज आहे. तो आणि त्याचे मित्र मिळून एका शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवणार होते. मी शाळेतून निवृत्त झाले आहे आणि माझ्या अक्षराचं त्याला लहानपणापासून कौतुक आहे.

"ताई, आम्हले पाट्या लिखी दे," तो म्हणाला. "गाडी कोनी, कधी लिधी, कोठे कोठे फिरनी, एवढंच."

मी हो म्हटलं. मग रोज दुपारी त्याच्या गॅरेजमागच्या खोलीत बसून मी पुठ्ठ्यावर रंगाने लिहू लागले. गाड्यांचे मालक येत, माहिती सांगत. एकाची पांढरी अँबेसिडर होती. तिचे पडदेसुद्धा त्याने जुन्या पद्धतीचे शिवून घेतले होते. एकाने आजोबांची बुलेट पुन्हा उभी केली होती. नवापूरहून एक कोंबड्यांचे शेडवाले आले होते, त्यांच्याकडे टपाशिवाय धावणारी जीप होती. ती त्यांनी इतकी चकचकीत केली होती की बॉनेटमध्ये मला माझाच चष्मा दिसला. ते मोकळेपणाने म्हणाले, "बाई, ही मी पावसात काढत नाही."

या मंडळींचं गाड्यांवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण पाटीवरच्या 'कुठे कुठे फिरली' या ओळीपाशी आले की बहुतेक जण थांबत. लग्नात वापरली, देवीला जाऊन आलो, असं काहीतरी सांगत. लिहिता लिहिता मला आमची गाडी आठवायला लागली आणि एका दुपारी मी ब्रश खाली ठेवला.

"एक गाडी राहिली," मी भावाला म्हटलं.

"कोन्ही?"

"आप्पांची."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. आप्पा म्हणजे माझे वडील. लहानपणी सुट्टीत तळोद्याला आला की हाही त्यांच्या गाडीत बसायचा. मग म्हणाला, "ती आते कोठे व्हई, कोनले माहीत. आनि ताई, आमना नियम शेतस. मूळ रंग पाहिजे, मूळ इंजिन पाहिजे, गाडी चालू पाहिजे."

"शोधून तर बघू," मी म्हटलं.

आमचं घर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांतलं. शेती काकांनी सांभाळली. आप्पांचं मन शेतात रमलं नाही. त्यांनी जीप घेतली, तळोद्याला घर केलं आणि तळोदा ते धडगाव अशी प्रवासी गाडी सुरू केली. काळा टप, पिवळी बाजू. अशा गाडीला आमच्याकडे काळीपिवळीच म्हणतात. मागे समोरासमोर दोन लाकडी बाक, त्यांवर रेक्झिन. मागून चढायची पायरी फार उंच होती म्हणून आप्पांनी लोहाराकडून खाली आणखी एक पायरी जोडून घेतली. म्हाताऱ्या बायांना गुडघा वर न घेता चढता यावं, एवढाच हेतू. आमच्या पट्ट्यात तशी पायरी दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हती.

चांदसैलीचा घाट चढून गाडी वर जाई. उन्हाळ्यात येताना पोत्यांमधून आमचूर येई आणि तो आंबट वास रात्री आप्पांच्या सदऱ्यालाही असे. होळीच्या दिवसांत टपावर ढोल चढत. आप्पा पावरी, म्हणजे डोंगरातल्या पावरा लोकांची बोली, बोलायला शिकले होते. चुकत, आणि बाया तोंडाला पदर लावून हसत. बाजाराच्या दिवशी गाडी भरली तरी ते निघत नसत. "थांबा, ती म्हातारी यी ऱ्हायनी," असं म्हणून लांबच्या पायवाटेकडे बोट दाखवत. मला तर तिथे कुणीच दिसत नसे. थोड्या वेळाने खरंच कुणीतरी डोक्यावर टोपली घेऊन येई.

मी नववीची परीक्षा देऊन सुट्टीत त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हाची गोष्ट. धडगावहून परत येत होतो. मागे एक पोटुशी बाई होती, तिच्याबरोबर सासू. तिला तळोद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. घाटात अर्ध्यावर आल्यावर सासूने मागून टपावर हात आपटला. आप्पांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चाकांखाली दगड लावले आणि एकदाच मागे बघितलं.

"चला भो, आपन खाले उतरूत," ते पुरुषांना म्हणाले.

सगळे पुरुष उतरले. आप्पा त्यांना घेऊन वळणापलीकडे गेले. राहिलेल्या बायांनी ताडपत्रीचे पडदे सोडले. मागच्या बाजूला पडदा अपुरा पडत होता, तिथे एकीने आपल्या गाठोड्यातलं लुगडं धरलं आणि त्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मी गाडीकडे पाठ करून उभी होते. समोर दरी आणि करपलेला डोंगर. आतून सासूचा आवाज येत होता, समजत काहीच नव्हतं, पण ती रागावत नव्हती एवढं कळत होतं. माझे हात भरून आले, तरी ते टोक मी खाली येऊ दिलं नाही. मग बाळ रडलं. वळणापलीकडे पुरुष बोलत होते, ते एकदम गप्प झाले.

मुलगी झाली होती. आप्पांनी तिथून तळोद्यापर्यंत गाडी इतकी जपून आणली की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी धुतली. त्या बाकावर त्या उन्हाळ्यात त्यांनी आमचुराचं पोतं ठेवू दिलं नाही. पुढे एका बाजाराच्या दिवशी ती सासू नातीला घेऊन आली, आप्पांना चारोळीचा द्रोण दिला आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर ते घर कामाला गुजरातेत गेलं असं ऐकलं. ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही.

पुढे आप्पांना संध्याकाळच्या उजेडात समोरचं नीट दिसेना. त्यांनी आपणहून किल्ली ठेवली. त्यांच्याच गाडीने ये-जा करणाऱ्या एका पावरा तरुणाला त्यांनी गाडी दिली. तो काही वर्षं त्याच रस्त्यावर ती चालवत होता. आमच्या घरापासून सडक जवळ होती. जेवता जेवता आप्पांचा हात थांबायचा. "मन्ही गाडी गई," ते म्हणायचे. सडकेवरून इतक्या जीपा जात, पण ते आवाजावरून आपली ओळखत. मायही मग हातातली पोळी तव्यावर टाकायची थांबे. एक दिवस तो आवाज येईनासा झाला. गाडी वरच्या भागात गेली असं कुणी सांगितलं. आप्पा त्यानंतरही ऐकत राहायचे. आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

मी आणि भाऊ त्याच्या गाडीने तळोद्याला गेलो. स्टँडवर विचारलं, तर एका चालकाने सांगितलं, "ती धडगावच्या पुढं चालते, नर्मदेच्या बाजूच्या पाड्यांना. बाजाराला सापडेल." आम्ही घाट चढलो. रस्ता आता रुंद झाला आहे. ती वळणाची जागा मला ओळखता आली नाही. दोनदा वाटलं हीच, आणि दोन्ही वेळा पुढे तसंच दुसरं वळण आलं.

धडगावचा बाजार भरला होता. जीपा ओळीने उभ्या होत्या, पण काळीपिवळी एकही नव्हती. भाऊ म्हणाला, "परत जाऊत, ताई." तेवढ्यात एका निळ्या जीपमध्ये एक म्हातारी चढताना मला दिसली. तिने आधी खालच्या पायरीवर पाय ठेवला, मग वरच्या. मी जवळ जाऊन त्या पायरीला हात लावला. पत्रा झिजून मधोमध खोलगट झाला होता.

चालक तोच होता. तेव्हाचा तरुण, आता केस पिकलेले. मी कोण ते सांगितल्यावर त्याने हातातली बिडी टाकली.

"आप्पांची पोरगी?" तो म्हणाला. "तुम्ही मास्तरीण झाल्या ना? आप्पा सांगायचे."

मी त्याला प्रदर्शनाचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि कोणता दिवस ते विचारलं. दिवस सांगितल्यावर मान हलवली.

"नाही जमणार, ताई. त्या दिवशी आमच्या पाड्याची माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादमाचा ट्रक तळोद्याला उभा राहील. सगळ्यांना खाली पोचवायचं आहे."

भाऊ म्हणाला, "दुसरी गाडी लावून द्या. तिचं भाडं आम्ही बघू."

"भाड्याचं नाही, भाऊ. माणसांना सांगून बसलोय. पोरंबाळं, भांडी, कोंबड्या, सगळं घेऊन निघतात. ही गाडी त्यांच्या ओळखीची आहे."

 मग त्याने पुढच्या सीटकडे हात केला. "बसता का? पहिल्या पाड्यापर्यंत चला. तिथून परत आणून सोडतो."

मी बसले, भाऊ मागे चढला. पुढे आधीच तिघे होते, ते सरकले. स्टिअरिंग दुसरं होतं, सीट दुसरी, काच नवी. त्याने चावी फिरवली आणि मी कान देऊन ऐकू लागले. आवाज आप्पांच्या गाडीचा नव्हता. इंजिन दोनदा बदललं, त्याने सांगितलं. इतक्या लांब मी बहुधा त्या आवाजासाठीच आले होते, हे मला तेव्हा समजलं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मागच्या बाकावर माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान, घाटात जन्मलेली ती मुलगी आज असेल तेवढ्या वयाची एक बाई होती, मांडीवर मिठाची पिशवी. मी मागे वळून तिच्याकडे बघत राहिले, तशी ती हसली. कुठली तुम्ही, असं मी विचारलं. तिने नाव सांगितलं ते गाव दुसऱ्याच खोऱ्यातलं होतं.

 परत येताना घाट उतरल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तिना रंग मूळ नही, इंजिन मूळ नही. ती उनी असती तरी मंडळी ऐकतीन नही."

"मग तिच्यासाठी नियम बदला," मी म्हटलं. "जी गाडी अजून कामावर आहे, तिला आधी बोलवा."

"ती कामवर शे म्हनीसन तर येत नही," तो म्हणाला.

प्रदर्शन चांगलं झालं. मैदानावर दोरी बांधून गाड्या लावल्या होत्या, प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरातली पाटी. लोक मुलांना कडेवर घेऊन फोटो काढत होते. अँबेसिडरला सगळ्यात गर्दी होती. तिचे मालक दर थोड्या वेळाने बोटांचे ठसे फडक्याने पुसत होते. नवापूरचे गृहस्थ मला त्यांच्या जीपजवळ घेऊन गेले आणि पाटी छान झाली म्हणाले. मला तिथे राहवेना. मी भावाला सांगून निघाले आणि तळोद्याची बस धरली.

ट्रक सडकेच्या कडेला उभा होता. निळी जीप तिसऱ्यांदा उतरून येत होती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा माणसं उतरत होती. पातेली, गोधड्या, पायाला दोरी बांधलेला कोंबडा, झोळीत झोपलेलं बाळ. एका बाईने पायरीवरून उतरताना हात पुढे केला, मी तो धरला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. लहान मुलाचा हात धरून ती ट्रककडे गेली. चालक टपावरून गाठोडी खाली देत होता. मला बघून म्हणाला, "आलात? मग फोटो तरी घेऊन जा."

मी मोबाइलवर फोटो काढला. ट्रक भरला, वर बसलेल्यांपैकी कुणी हात हलवला नाही, सगळे आपापली जागा करण्यात गुंतले होते. ट्रक गुजरातच्या दिशेला गेला. जीप डोंगराकडे वळली, कारण वर अजून काही माणसं थांबली होती. भावाचा फोन आला. बक्षिसं सुरू झाली होती.

माय आता माझ्याकडेच असते. तिला कमी दिसतं. रात्री मी तिला फोटो दाखवला, बोटांनी मोठा करून. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"निया रंग देयेल शे," ती म्हणाली. "चांगला दिखस."

मग बराच वेळ तिने फोन हातातच धरला. मला वाटलं तिचा डोळा लागला.

"आते कोन चालावस?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिला तो आठवला.

"सावकाश चालावस ना?"

"हां, माय," मी म्हटलं. "सावकाश चालावस."