अंडाशय, अंडी आणि माझी सासू

आम्ही तिघी बहिणी भेटलो की पहिल्या चहालाच माझ्या ऑपरेशनचा विषय निघतो. नव्वदचं दशक संपतानाची गोष्ट, पण किस्से अजून वाढतायत!

माहेर रोह्याचं. आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, मावशी अंडाशयाच्या. मग ताईच्याही छातीत गाठ निघाली. ती बरी झाली, पण मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त मागितलं. "घराण्यातून काय आलंय ते बघू."

ताई म्हणाली, "डॉक्टर, जमीन नाही आली, दागिने नाही आले. आलं ते हेच!"

*

रिपोर्ट आले. ताईच्या रक्तातला दोष माझ्यातही होता, धाकट्या बेबीत नव्हता. बेबी आमच्यासाठी ढसाढसा रडायला लागली. नर्सला वाटलं, हिचाच रिपोर्ट वाईट! ती बेबीची पाठ थोपटत म्हणाली, "धीर धरा, उपाय आहेत."

मी म्हटलं, "सिस्टर, उपाय इकडे सांगा!"

*

पेणला रामवाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "तुमची मुलं झालीत. दोन्ही अंडाशय काढले तर तिथला कॅन्सर जवळजवळ टळतो, स्तनाचाही धोका कमी होतो. शून्य नाही होत. आणि पाळी लगेच जाईल."

माझं सासर पेणजवळच्या जोह्याचं. तिथे नवऱ्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, बोलणं कमी. परतताना एसटीत एवढंच म्हणाला, "पोरांना तू पाहिजेस. काढून टाक."

सासूने मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातलं अंडं बंद केलं! "डाक्टरनी अंडी काढायला सांगितलीत ना? मग परत कशाला भरतेस गो?"

*

ऑपरेशननंतर पाळी गेली आणि अंगातून वाफा निघायला लागल्या. ऐन थंडीत मी कारखान्यात पंखा फुल लावायची, कारागीर मफलर गुंडाळून गणपती रंगवायचे. सासूने माझ्या कपाळाला हात लावला आणि नवऱ्याला हाक मारली, "मूर्त्या सुकत नाय म्हणून रडतोस ना? हिला बसव मधी!"

*

पण सगळ्यात भारी किस्सा त्याआधीचा. मी अजून दवाखान्यातच होते. काढलेले अंडाशय तपासायला पाठवलेले, त्यात आधीच काही असेल का म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. डॉक्टरीणबाई आत येऊन म्हणाल्या, "काहीही निघालं नाही!"

ताईने माझा हात घट्ट धरला. सासू भडकली. "काय नाय निघालं? मग कापलं कशाला?"

"आजी, निघायच्या आधीच काढलं. म्हणून तर!"

सासूने पदराने डोळे पुसले. संध्याकाळी ती जोह्यात दारोदार पेढे वाटत फिरली.

शेजारणीने पेढा तोंडात टाकत विचारलं, "व्हय गो काकी, सुनेला काय झालं? पोरगा का पोरगी?"

"काय नाय निघालं!" सासू खुशीत म्हणाली. "घे, अजून एक घे!"