तिसऱ्या मजल्यावरचं मस्कत

देवणीच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं द्यायला होतो, तेव्हा पंचशीला सूर्यवंशी तिथं सिस्टर होत्या. त्या पूर्वी मस्कतला नोकरी करून आलेल्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लोक विचारायचे, तिकडं काय काय पाहिलं? त्या म्हणायच्या, "खिडकीतून दिसलं तेवढं." लोकांना वाटायचं, बाई चेष्टा करतायत. मलाही तसंच वाटायचं. एकदा लसीची गाडी वाटेत बंद पडली आणि आम्ही दोघं दुपारभर रिकामे बसलो. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांचं गाव निलंग्यापासून कोसभर आत. वडील लवकर गेलेले. माय चांगुणा दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची, थोरला भाऊ ग्यानोबा गवंडीकाम करायचा. धाकटी पंचशीला अभ्यासात चांगली म्हणून भावानं तिला अंबाजोगाईला नर्सिंगला घातलं. ती पास होऊन आली तेव्हा लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या मिळेल त्या इमारतीत बसत होत्या. भरती कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्यात पावसानं दगा दिला. गावातली विहीर पौषातच तळाला गेली आणि माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली.

बरोबर शिकलेली लीलाम्मा नावाची केरळची मैत्रीण मस्कतला निघाली होती. तिनंच मुंबईच्या एजंटाचा पत्ता दिला. खाजगी दवाखाना, दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं त्यांच्याकडं. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये दोघी विमानात बसल्या.

उतरल्यावर दवाखान्याचा माणूस घ्यायला आला होता. हरवतील म्हणून त्यानं दोघींचे पासपोर्ट घेतले. दोघींनी मुकाट्यानं दिले. उलट बरंच वाटलं, पंचशीला म्हणाल्या, एवढ्या परक्या गावात आपली कुणी काळजी घेतंय.

दवाखाना खालच्या दोन मजल्यांवर, नर्सेस तिसऱ्यावर. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती आणि तिची किल्ली वॉचमनकडं. ड्यूटीला उतरायचं, ड्यूटी संपली की वर यायचं, मागं जाळी बंद. शुक्रवारी दोन तास दवाखान्याच्या गाडीतून बाजाराला नेत आणि मोजून परत आणत. जेवण खालून डब्यात यायचं. जाड भात आणि मासळीचं कालवण. लीलाम्माला ते घरच्यासारखं लागायचं. पंचशीलाच्या गावापासून समुद्र कुठल्या कुठं. पहिला महिना ती नुसत्या भातावर लिंबाचं लोणचं घेऊन जेवली. भाकरीची आठवण इतकी यायची, की झोपेत तिचे हात थापल्यासारखे हलतात असं लीलाम्मा सांगायची.

खिडकीतून एक गल्ली, समोरच्या घराची गच्ची आणि त्यापलीकडं काळे उघडे डोंगर दिसायचे. पाऊस तिथंही नव्हता. पण तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं, याचं तिला नवल वाटायचं.

वर्ष असंच गेलं. मग दवाखान्यात जानबीबी नावाची म्हातारी आली. बलुची बाई, राहायला मत्राह बंदराजवळ. साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळली होती. तिच्या घरचं जुनं माणूस कधीकाळी कराचीला होतं, त्यामुळं तिला मोडकीतोडकी उर्दू यायची. निलंग्याच्या बाजारात दखनी बोलत वाढलेल्या पंचशीलाचं आणि तिचं लगेच जमलं. म्हातारी घरी गेली, पण जखम रोज धुवावी लागणार होती. मॅनेजरनं त्या कामाला पंचशीलालाच लावलं. ड्रायव्हर दारापर्यंत सोडायचा, गाडीतच थांबायचा आणि घेऊन यायचा.

तिसऱ्या आठवड्यात म्हातारीनं जेवायला थांबवून घेतलं. जमिनीवर प्लॅस्टिकचा कपडा अंथरला आणि मधे परातीएवढा थाळा आणून ठेवला. खाली भात, वर मटण, मटणावर तळलेला कांदा आणि मनुका. म्हातारी, तिची सून आणि दोन लेकी थाळ्याभोवती बसल्या. पंचशीला उंबऱ्याजवळ बसली आणि आपलं ताट कधी येतंय याची वाट बघत राहिली. ताट येणारच नव्हतं. सगळ्यांचा थाळा एकच, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. आणि ध्यानात आल्यावरही तिला जागचं हलवेना.

तिची माय ज्यांच्या रानात जायची, त्यांच्या घरी चहा मिळायचा. पण तो कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. आपणच काढायचा, वरून ओततील तसा धरायचा, पिऊन विसळून तिथंच ठेवायचा. लहानपणी पंचशीलानं एकदा तो कप उचलून ओसरीवर नेला होता, तर मायनं तिच्या पाठीत धपाटा घातला होता. त्या घरातल्या बाईनं काही म्हणण्याआधीच.

जानबीबीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं एवढंच पाहिलं, की पोरगी लांब बसली आहे.

"इधर आ," ती म्हणाली. "जो हात मेरा पाँव धोता है, वो मेरे थाल में नहीं आएगा?"

सुनेनं सरकून जागा केली. पंचशीला जवळ गेली. तिचा घास सारखा सांडत होता, कारण भात मुठीत दाबून उचलायची त्यांची रीत तिला येत नव्हती. म्हातारीनं मटणाचा मऊ तुकडा बोटांनी सोडवला आणि तिच्या बाजूला सरकवला. त्यानंतर छोट्या वाटीतून कडू कॉफी आली. वाटी रिकामी झाली की सून पुन्हा भरायची, आणि नको कसं म्हणावं म्हणून ही पीत राहिली. सातव्या वाटीला सुनेला हसू आवरेना. पुरे झालं की वाटी बोटांत धरून हलवायची असते, असं तिनं करून दाखवलं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर पंचशीलाचं काळीज धडधडत होतं. ते कॉफीनं की आणखी कशानं, हे तिला सांगता आलं नसतं.

जूनच्या मध्यावर ग्यानोबाचं पत्र आलं. लातूरच्या नव्या जिल्हा परिषदेत परिचारिकांच्या जागा निघाल्या होत्या. त्यानं तिचा अर्ज भरून दिला होता आणि मुलाखतीचा कागद आला होता. बावीस जुलै, सकाळी अकरा, अस्सल कागदपत्रांसह स्वतः हजर राहावं. खाली त्यानं लिहिलं होतं, "जिल्हा नवा हाय म्हणून एवढ्या जागा एकदम हायत. पुन्हा अशा निघनार न्हाईत. माय रोज विचारती, पोरगी कवा येती. टँकर चार दिवसाला येतो. तू ये."

पत्र यायलाच अठरा दिवस लागले होते. हातात पाच आठवडे उरले होते.

मॅनेजर आपल्याच देशातला होता. तो कधी आवाज चढवत नसे. पंचशीलानं पंधरा दिवसांची रजा मागितली, परत येते म्हणून लिहून द्यायची तयारी दाखवली. त्यानं करार काढला, तारखेवर बोट ठेवलं आणि अजून नऊ महिने आहेत, मग खुशाल जा, असं सांगितलं. तिनं पासपोर्ट मागितला. तो कपाटात सुरक्षित आहे, तो म्हणाला. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही विचारलं. तेच उत्तर तितक्याच शांतपणे मिळालं.

जखम धुताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा जानबीबीनं कारण काढून घेतलं. संध्याकाळी तिनं मुलाला सांगितलं. मुलगा मुराद बंदरावर कामाला होता. सरळ माणूस. आईची सेवा करणाऱ्या पोरीवर अन्याय होतोय म्हटल्यावर तो दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन मॅनेजरशी बोलला. जरा मोठ्यानंच बोलला असणार. मॅनेजरनं त्याला खुर्ची दिली, कॉफी पाजली, बघतो म्हणून सांगितलं आणि दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवसापासून मत्राहला ड्रेसिंगला लीलाम्मा जाऊ लागली. पंचशीलाचं शुक्रवारचं बाहेर जाणंही बंद झालं. कारण कुणी सांगितलं नाही.

"मी त्यांना सांगायलाच नको होतं," त्या मला म्हणाल्या. "त्या घरचा अर्धा तास तेवढा माझा होता. तोबी गेला."

बावीस जुलैला तिची सकाळची ड्यूटी होती. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. साडेनऊ वाजता ती एका ड्रायव्हरला इंजेक्शन देत होती. लातूरला आता नाव पुकारत असतील, हे तिच्या मनात आलं. ग्यानोबा तिथं जाऊन उभा होता, हे तिला नंतर कळलं. बहीण वाटेत आहे असं सांगून त्यानं दुपारी चारपर्यंत तिचा नंबर मागं ठेवायला लावला होता. तिचं पत्र पोचलं होतं, ती येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी थांबला.

त्यानंतर पंचशीलानं दिवस मोजायचं सोडून दिलं. डब्यात येईल ते खाऊ लागली. मासळीही खाऊ लागली. मायला खुशालीची पत्रं लिहायची आणि त्यांत खिडकीतला डोंगर फिरून पाहिल्यासारखा लिहायची.

ऑगस्टच्या शेवटी बकरी ईद आली. ईदच्या तिसऱ्या दिवशी वॉचमननं वर एक मोठं झाकलेलं भांडं आणून दिलं. आत खजुरीच्या पानांत बांधून, जमिनीतल्या भट्टीत दोन दिवस शिजवलेलं मटण होतं. हात लावताच हाडापासून सुटत होतं. पंचशीला खिडकीशी धावली. खाली गल्लीत मुराद उभा होता. त्याला आत सोडलं नव्हतं. त्यानं वर पाहिलं आणि काहीतरी ओरडून सांगितलं, पण खोल्या गार करणाऱ्या यंत्रांच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. तिनं हात हलवला. त्यानंही हलवला आणि तो गेला.

त्या रात्री चौघी नर्सेस भांड्याभोवती बसून जेवल्या. भात कसा दाबून उचलायचा हे पंचशीलानं त्यांना शिकवलं. दिवाळीच्या सुमाराला लीलाम्माचं मत्राहला जाणंही थांबलं. जखम भरली, की म्हातारीला दुसरीकडं हलवलं, की ती गेली, हे कुणालाच कळलं नाही. पंचशीलानं दोनदा मॅनेजरला विचारलं होतं. रोग्यांची माहिती बाहेर देता येत नाही, असं तो म्हणाला.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये करार संपला. विमानतळावर सामान काट्यावर चढल्यावर दवाखान्याच्या माणसानं तिच्या हातात पासपोर्ट दिला. विमान सुटेपर्यंत ती तो उघडून बघत होती. फोटोतली पोरगी तिला आपल्यापेक्षा खूप लहान वाटली.

निलंग्याला एसटीतून उतरली तर ग्यानोबा स्टँडवर आला होता. लातूरच्या जागा भरून गेल्या होत्या. त्यानं तिची पेटी उचलून खांद्यावर घेतली. पुढं दोन वर्षं तिनं लातूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम केलं. मग पुन्हा थोड्या जागा निघाल्या, तेव्हा ती मुलाखतीला गेली. टेबलामागं तिघं बसले होते. त्यांतल्या वडीलधाऱ्यानं कागद चाळत विचारलं, "दोन वर्षं मस्कतला होता? मग एवढं चांगलं सोडून परत कशाला आलात?"

तिला पुष्कळ सांगता आलं असतं.

"सुटले म्हणून आले, साहेब," ती म्हणाली.

त्यांना ते समजलं नसावं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, टिटॅनसच्या लशीचा. ती उत्तर देत गेली. महिन्याभरानं नेमणुकीचा कागद आला, ठिकाण देवणी. मायला घेऊन ती क्वार्टरमध्ये राहायला आली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली.