चार रंगांचे कागद

अमरावतीत आमच्या शेजारी राहणाऱ्या खालांनी यंदा महापालिकेच्या मतदानाला जायचं नाही असं ठरवलं होतं. मागच्या वेळी त्या एकच बटण दाबून निघाल्या, तेव्हा अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर परत बोलावलं होतं. आमच्या प्रभागात चार जागा आहेत आणि चार बटणं दाबावी लागतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मला समजावून सांगणं जमत नाही. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असते, म्हणून मी त्या रंगांचे चार कागद आणले, त्यांवर उमेदवारांची नावं लिहिली आणि त्यांच्या फ्रिजवर चिकटवले. माझं मराठी अक्षर इंग्रजी शाळेतलं, म्हणून चिन्हं मोठी काढली. खाला येताजाता चारही कागदांवर बोट दाबू लागल्या.

"याच्यातला चांगला कोन, ते काहून नाई लिहिलं?"

"ते तुम्ही ठरवायचं."

"मंग अर्धंच काम केलं तू, बेटा."

मतदानाच्या दिवशी खालांनी चारही बटणं दाबली. त्यांच्यामागचे काका एकच दाबून निघाले. अधिकारी ओरडला, तशा दारात पोचलेल्या खाला वळल्या.

"चार हायेत, भाऊ. रंग पाहून दाबा."

अधिकाऱ्यानं त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"माहं तर झालंच," खाला म्हणाल्या.