श्रावणातला रस्सा

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात देव न मानणारा माणूस शोधला तर एखादा सापडतो, आणि मटण न खाणारे तर गावोगाव पंगतीने बसवता येतील. पण ही दोन्ही व्रतं एकाच अंगावर वागवणारा माणूस या मातीत एकच निपजला, आणि तो नेमका आमच्या मोठ्या मावशीच्या पदरात पडला. देव सोडला तर माणसाने निदान चमचमीत खाऊन तरी घ्यावं, आणि मटण सोडलं तर गळ्यात माळ घालून चार लोकांचे नमस्कार तरी घ्यावेत. आमच्या मावसाजींनी दोन्हीकडचं फक्त सोडायचं तेवढं उचललं. लग्नकार्यात त्यामुळे त्यांच्यापेक्षा यजमानांचीच पंचाईत व्हायची. 'मटण चालत नाही' म्हटलं की लोक त्यांचा हात धरून माळकऱ्यांच्या पंगतीत नेऊन बसवायचे. एकदा असंच एका बुवांशेजारी त्यांचं पान मांडलं. बुवांनी प्रेमाने विचारलं, "कोन्या महाराजाची माळ घेतली, भाऊ?" मावसाजी म्हणाले, "कोनाचीच नाही. मी देव मानत नाही." बुवांचा हात भातातच थांबला. "मंग मटन काऊन सोडलं?" "बकऱ्यासाठी." "अन् त्याचं पुण्य कोनाले लागन?" "पुण्याचं मले काही माहीत नाही. बकरा वाचला, एवढं नक्की." बुवांनी वाढप्याला हाक मारून मावसाजींच्या पानात दोन जिलेब्या जास्त वाढायला लावल्या. ज्याला पुढच्या जन्मी काही मिळायचं नाही त्याची या जन्मी तरी सोय व्हावी, असा दयाळू विचार त्यांनी केला असावा.

नांदुऱ्यापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. सहा एकर कपाशी, एक बैलजोडी आणि पुढे अंगण असलेलं तीन खोल्यांचं घर. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यावर घरात ही दोघंच उरली, आणि त्या दोघांचा संसार म्हणजे सगळ्या गावाला उलटा वाटणारा प्रकार होता. मावशी देवभोळी. दर महिन्याला एका गुरुवारी शेगावला दर्शनाला जायची आणि रविवारी मन लावून मटण खायची. मावसाजी तिला नांदुऱ्याच्या स्टेशनवरून गाडीत बसवून शेगावपर्यंत सोबत न्यायचे, पण रांगेत उभे राहायचे नाहीत. बाहेर चपला सांभाळत बसायचे. शेजारच्या बायाही विश्वासाने आपल्या चपला त्यांच्यापुढे सोडून जायच्या. तास-दोन तासांनी त्या परत आल्या की प्रत्येकीला तिची बरोबर जोडी पुढे सरकवायचे आणि वर विचारायचे, "झाली का भेट?" विचारण्यात टिंगल नसायची. एखादी बाई माहेरी जाऊन आली तर आपण जसं विचारतो तसंच ते विचारायचे. आणि रविवारी मावशीचं मटण चुलीवर शिजत असलं की ते आपली भाकरी आणि कांदा घेऊन अंगणात निंबाखाली बसायचे. मावशीला 'तू सोड' असं त्यांनी जन्मात म्हटलं नाही. मी एकदा आगाऊपणे विचारलं तर म्हणाले, "तिच्या पोटाचा मालक मी हाय काय?"

हे सगळं कुठून सुरू झालं ते मावशीने मला अनेकदा सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी कपाळावर हात मारून. माझं आजोळ बीबी गावाकडचं. मोठ्या मुलीला चांगला जावई मिळाला तर बोकड देईन, असा नवस माझ्या आजोबांनी देवीला बोलला होता. जावई मिळाला. त्यामुळे लग्नानंतर पहिल्याच आखाडात देवीच्या ओट्यापुढे बोकड उभा राहिला, सोयरेधायरे जमले आणि जावईबापूंना पुढे सतरंजीवर बसवलं. आमच्याकडची पद्धत अशी की बोकडाच्या पाठीवर पाणी टाकायचं. त्याने अंग झाडलं की देवीने कबूल केलं असं समजायचं, आणि झाडल्याशिवाय सुरी लावायची नाही. त्या दिवशी बोकड काही केल्या अंग झाडेना. एक तांब्या झाला, दोन झाले, तीन झाले. तो आपला भिजून उभा. पोरं भुकेने रडायला लागली, बायकांनी वाटलेला मसाला वाळायला लागला. आजोबा हात जोडून "काही चुकलं असन तर माफ कर माय" म्हणत होते. तेव्हा नवे जावई सतरंजीवरून उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामाजी, तो नाही म्हनून राह्यला."

पंचवीस वर्षांचा नवा जावई असं बोलल्यावर आजोबांचं तोंड कसं झालं असेल त्याची कल्पना करा. शेवटी कोणीतरी शहाण्याने पुढे होऊन पाण्याची धार बोकडाच्या कानात सोडली. त्याने डोकं झाडलं, अंग झाडलं, आणि माणसांनी एकच जयघोष केला. मावसाजी त्या पंगतीत जेवले नाहीत. "कानात पानी घातल्यावर मीही अंग झाडीन," एवढंच म्हणाले. नंतर मला त्यांनी एकदा सांगितलं, "देव हाय का नाही, याच्यावर मी तोवर कधी इचारच केला नव्हता. पन त्या दिवशी पाह्यलं, ते जनावर इतक्या मानसांत एकटं उभं होतं अन् त्याचं ऐकनारं कोनी नव्हतं. देवी ऐकत असती तर तिनं ऐकलं असतं. मंग म्हटलं, आपन तरी ऐकू." आजोबांना हा अपमान बरीच वर्षं सोसला नाही. ज्याच्यासाठी बोकड कापला तोच उपाशी उठला, हे दुःख त्यांनी आल्यागेल्याला ऐकवलं.

गावातल्या लोकांनी त्यांना कोंडीत पकडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कपाशी करणाऱ्या माणसाला अळी मारावीच लागते, आणि हा मुद्दा कोणाच्याही लक्षात येण्यासारखा होता. बीटी बियाण्याचं पाकीट आलं की त्यासोबत साध्या सरकीची एक लहान पिशवी यायची. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे अळ्या तिच्यावर जगतील, असं पाकिटावर लिहिलेलं असायचं. सगळं गाव ती पिशवी उकिरड्यावर फेकायचं. मावसाजी आपली तर लावायचेच, वर लोकांनी फेकलेल्याही वेचून आणायचे. शेजारचा शेतकरी बांधावरून ओरडायचा, "काय भाऊ, अळ्याइची खानावळ उघडली काय?" ते हसून म्हणायचे, "सारंच रान आपन खाल्लं तर त्याइनं कुठं जावं?" मग तो पकडायचा, "अन् फवारा मारता तवा? अळीले जीव नाही काय?" त्यावर मात्र ते हसायचे नाहीत. "हाय. म्हनून तर मी त्याले औषध म्हनत नाही. मारून राह्यलो तर मारून राह्यलो म्हनावं."

या खरेपणापायी एकदा मोठा घोळ झाला. नांदुऱ्याच्या कृषी केंद्रात सगळे शेतकरी 'औषध द्या' म्हणतात, मावसाजी आपल्या नेमाने काउंटरवर जाऊन म्हणाले, "एक लिटर जहर द्या." नेहमीचा दुकानदार गावाला गेलेला होता. गल्ल्यावर त्याचा जावई होता, आणि त्या वर्षांत आमच्या भागात एखाद्या माणसाने शांतपणे असं मागणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने मावसाजींना हाताला धरून आत नेलं, पंख्याखाली बसवलं, चहा मागवला, आणि "काका, पोराबाळाइकडं पाहा" असं समजावत दुसरीकडून उधारीच्या वहीतला नंबर काढून मावशीला फोन लावला. पाऊण तासाने मावशी ऑटोतून उतरली ती अनवाणी, पिठाच्या हातांनी. मावसाजी तिसरा चहा पीत त्या पोराला अळीचं जीवनचक्र समजावत बसले होते. तिने भर दुकानात त्यांचा जो उद्धार केला तो ऐकायला अर्धा बाजार जमला. "औषध म्हना! सारं जग म्हनते, तुमची काय जीभ झडते?" असं म्हणता म्हणता ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. त्या दिवसापासून मावसाजी दुकानात फक्त बोट दाखवायचे, तोंडाने काही मागायचे नाहीत.

गुलाबी बोंडअळी आली त्या साली त्यांच्या रानाचीही तीच गत झाली जी सगळ्यांची झाली. बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत अळी. इतकी वर्षं चालवलेल्या खानावळीची तिने काही ओळख ठेवली नाही. मावसाजींनी उभ्या पिकात बैल सोडले आणि अंगणात येऊन बसले.

त्याच्या पुढच्या आखाडात मावशी आजारी पडली. तापाने तीन आठवडे खामगावच्या दवाखान्यात काढून श्रावण लागता लागता घरी आली, पण अन्न जाईना. खिचडी नको, पेज नको, दूध पाहिलं की उलटी. डॉक्टरांनी मावसाजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "आता औषध आपलं काम करून चुकलं. पोटात अन्न गेलं नाही तर बाई हाती लागणार नाही. मागतील ते द्या." मी तिला भेटायला गेलो तेव्हा खाटेवर नुसतं लुगडं पडल्यासारखं दिसत होतं. मावसाजी उशाशी वाटी धरून बसले होते. पाचव्यांदा "काय खाशील?" विचारल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पुटपुटली, "रस्सा असता तर दोन घास गेले असते." आणि लगेच कानाला हात लावून म्हणाली, "श्रावन हाय. काय बोलली मी."

गाव बहुतेक खाणारं. पण श्रावणात त्या गावात कोणाच्या चुलीवर मटण चढणं शक्य नव्हतं. रांधून द्यायला शेजारणींनी हळहळून नकार दिला. मावसाजी थोडा वेळ अंगणात उभे राहिले. मग आत आले आणि मावशीला म्हणाले, "श्रावन तुहा हाय. मले कुठं हाय श्रावन? मी रांधतो."

मी म्हटलं, "मावसाजी, मटण मी आणतो, तुम्ही बसा." ते चपला घालत म्हणाले, "नाही. तू आनलं तर माहे हात साफ राह्यतील. तसे साफ हात मले नाही पाह्यजे." मी त्यांना माझ्या गाडीवर नांदुऱ्याला नेलं. तिथल्या मटणवाल्या चाचांशी त्यांची तीस वर्षांची मैत्री. रोज समोरच्या हॉटेलात बसून दोघं वाद घालायचे, आणि दुकानाची पायरी मावसाजी कधी चढले नव्हते. श्रावणामुळे दुकानात गिऱ्हाईक फार नव्हतं. मावसाजींना पायरीवर पाहून चाचांना आधी हसू आलं, "क्या भाऊ, सारे हिंदू गायब अन् तुम्ही आले!" मग त्यांनी तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. "भाभीसाठी?" मावसाजींनी मान हलवली. "तुम्ही काऊन आले? निरोप द्यायचा, मी घरी आनून देतो ना. जा, तिकडं तोंड करून उभे राहा." मावसाजी म्हणाले, "नाही. पाहू द्या." आणि तोडणं संपेपर्यंत ते समोर उभे राहिले. चाचांनी कोवळं पाहून दिलं, वर कलेजीचा तुकडा टाकला, आणि आमची गाडी निघाल्यावरही बराच वेळ ते पायरीवर उभे होते.

स्वयंपाक मावशीच्या खाटेवरून झाला. "खोबरं काळं होऊ द्या. त्याहून काळं. अहो जाळू नका!" असं ती क्षीण आवाजात सांगायची आणि मावसाजी घामाघूम होऊन परतायचे. खरी अडचण मिठाची. ते चाखणार नाहीत, आणि मी पुढे झालो तर म्हणाले, "तुही जीभ वेगळी, तिची वेगळी." मग चमच्यात रस्सा घेऊन चुलीपासून खाटेपर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. "कमी हाय." परत. "अजून." परत. चौथ्या फेरीला ती म्हणाली, "आता जरासं जास्तच झालं," आणि कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटतं, त्या चार चमच्यांनीच तिला अर्धं उभं केलं. त्या दुपारी तिने भाकरी कुस्करून सात घास खाल्ले. मावसाजी एकेक घास मोजत होते.

दिवसाआड ते नांदुऱ्याला जात राहिले. पोळ्याला मावशीने खाटेवरून उतरून स्वतः पुरण वाटलं. शेगावला नारळ वाहायचा नवस तिने फेडला, आणि महाराजांनी वाचवलं असं सगळ्या गावाला सांगितलं. मावसाजी नेहमीसारखे बाहेर चपला सांभाळत बसले होते. मीही त्या दिवशी सोबत होतो. त्यांच्याजवळ टेकलो आणि न राहवून विचारलं, "मावसाजी, ते केलं त्याचं काही वाटतं का हो?"

"चूक होती ते," ते म्हणाले.

"पण मावशी वाचली ना?"

"वाचली. पुन्हा पडली तर पुन्हा करीन. पन तेवढ्यानं त्या बकऱ्याचं मरनं बरोबर थोडी होते?" ते समोरच्या चपला नीट लावत होते. "तुह्या मावशीचं बरं हाय. आत जाते, डोकं टेकवते, मोकळी होते. मले कोनापाशी टेकवता येत नाही, म्हनून माह्यापाशीच हाय ते. राहू दे." मग रांगेकडे एकदा पाहून हळूच म्हणाले, "तिले नको सांगू. तिले वाटते, मी ते मजेनं रांधलं."

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मावशी आहे, अंगणातला निंबही आहे. मी रविवारी गेलो की ती अजून मटण करते, आणि वाढता वाढता एकदा तरी म्हणतेच, "तुह्या मावसाजीच्या हातचा रस्सा तू नाही खाल्ला. मी सांगू काय, तसा मले पुन्हा नाही जमला. हसत हसत रांधायचे रे." मी तिच्याकडे न पाहता "हो मावशी" म्हणतो आणि भाकरी कुस्करत बसतो.