कवळीकाकांचं तारण

कवळीकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण जो माणूस सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात बसवायचे दात घडवतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? दातांच्या दवाखान्याच्या मागे त्यांची अरुंद खोली होती. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि पॉलिशचं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. पहिल्यांदा आत येणारा माणूस दचकायचाच. काका मान वर न करता म्हणायचे, "या, या. एकही चावत नाही."

काका चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसत, आणि उपासना संपली की काकूंचा धाकटा भाऊ त्यांच्यासोबत जेवायला येई. हा मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आवाज दणदणीत, भूक त्याहून दणदणीत. ताटं वाढून झाली की दोघांचा वाद सुरू होई, आणि तो गेली अकरा वर्षं एकच होता: प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्याचं तारण, म्हणजे पापातून झालेली त्याची सुटका, हरवू शकतं की नाही?

"दाजी, साधी गोष्ट आहे," मेहुणा घास गिळत म्हणायचा. "माझ्या गाडीत शिकणारा बसला, त्याने भिंतीवर नेली, फुटपाथवर नेली, तरी दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे ना? तसंच आहे हे. एकदा प्रभूच्या गाडीत बसलात की पोचलात."

"आणि शिकणाऱ्याने चालत्या गाडीतून दार उघडून उडी मारली तर?" काका विचारायचे.

"उडी कोण मारेल?"

"तुझा आवाज ऐकून कोणीही मारेल!"

काकू हसत हसत मीठ पुढे करायच्या. काकांचं म्हणणं मात्र पक्कं होतं. जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, पश्चात्ताप न करता पाप करत राहणारा माणूस स्वतःच्या पायांनी घराबाहेर जातो. मग दार उघडं होतं म्हणून घरमालकाला दोष देता येत नाही. हे ते इतक्या वेळा बोलले होते, की शेजारच्या घरातही ते पाठ झालं असावं.

मग बाईंची कवळी आली.

बाई म्हणजे रविवारच्या शाळेच्या बाई. काका सहा वर्षांचे असताना त्यांनी काकांना गाणी शिकवली होती, आणि आता ऐंशी ओलांडली तरी चर्चमध्ये गाण्याची पहिली ओळ त्यांच्याच आवाजात उठायची. ऑर्गन वाजवणारासुद्धा बाईंचं तोंड उघडलं की मगच सूर धरायचा. बाईंचे वरचे उरलेसुरले दात काढावे लागले. डॉक्टरांनी माप घेऊन प्लास्टरचा साचा काकांकडे पाठवला, आणि पाण्याची बाटली उचलताना काकांच्या कोपराचा धक्का लागून साचा जमिनीवर पडला. मागच्या कडेचा टवका उडाला.

अशा वेळी करायचं काय, हे नवशिक्यालाही कळतं. डॉक्टरांना सांगायचं, पुन्हा माप घ्यायचं. पण सव्वीस वर्षांत काकांनी एकही साचा परत मागितला नव्हता, आणि हे ते सगळ्यांना ऐकवत आले होते. त्यांनी टवका शोधला, चिकटवला, उरलेली भेग अंदाजाने भरली आणि काम पुढे रेटलं. फरक केसभर होता. पण टाळूला केसभर फट म्हणजे हवेला दरवाजाच.

कवळी बसली, पण टिकेना. बोलताना शिट्टी वाजे आणि तोंड मोठं उघडलं की ती खाली येई. डॉक्टरांनी दोनदा घासून दिली. "साचा बरोबर होता ना?" त्यांनी काकांना विचारलं.

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "नवीन आहे, सवय होईल."

पुढच्या रविवारी गाण्याची वेळ झाली, पण गाणं उठलं नाही. बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. शेवटी मागच्या बाकावरून कोणीतरी खालच्या पट्टीत सुरुवात केली आणि सगळी मंडळी गाडी घसरावी तशी त्यामागे घसरत गेली. काकांनी गाण्याच्या पुस्तकात डोकं खुपसलं.

पुढच्याही रविवारी तेच. प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मन साफ ठेवून सगळ्यांनी भाकरी घेण्याचा, रविवार आला तेव्हा काकांनी भाकरीची थाळी तुकडा न घेताच पुढे सरकवली. काकूंनी भुवया उंचावल्या. "पोट बिघडलंय," काका कुजबुजले, आणि घरी येऊन तीन वेळा वाढून घेतलं. दुसऱ्या महिन्यात डोकं दुखलं. तिसऱ्या महिन्यात कुठला बहाणा करावा तेच सुचेना.

त्यांची गोची विलक्षण होती. त्यांच्याच हिशेबाने, जाणूनबुजून पाप करून गप्प बसलेला माणूस घराबाहेर गेलेला होता, म्हणजे ते स्वतःच रस्त्यावर उभे होते. यातून सुटायला मेहुण्याचं म्हणणं मान्य करायचा अवकाश. पण अकरा वर्षांचा वाद मेहुण्याच्या पदरात टाकायचा? त्यापेक्षा हरवलेलं बरं, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि मग त्या विचारानेच त्यांना धडकी भरली.

मंगळवारी दुपारी मेहुणा खोलीत येऊन उभा राहिला. "ताईने पाठवलंय. म्हणते, तुम्ही जेवताना वाद घालत नाही. डॉक्टरला दाखवायचं का?"

काकांनी पॉलिशचं चाक बंद केलं. "समज," ते म्हणाले, "एका कारागिराने साचा फोडला. लपवला. खोटं बोलला. आणि तीन महिने एक म्हातारी तोंड मिटून बसलीये."

मेहुण्याने फळीवरच्या जबड्यांकडे पाहिलं, मग काकांकडे. त्याला समजायला वेळ लागला नाही. क्षणभर त्याचा चेहरा गंभीर झाला, आणि दुसऱ्याच क्षणी उजळला.

"अहो, मग काळजी कसली? तुमचं तारण कुठेही गेलेलं नाही! तेच तर मी अकरा वर्षं सांगतोय. सुटलात तुम्ही दाजी!"

"मी सुटलो," काका उसळले, "पण बाईंचं काय? माझं तारण पक्कं आहे म्हणून त्यांची कवळी घट्ट बसणार आहे का?"

मेहुण्याने खिशातून किल्ली काढली. "चला. गाडी बाहेर आहे."

आधी ते पुढच्या खोलीत गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोनदा घासली मी ती. दोनदा! मला वाटलं, आता माझाच हात बिघडला." पुढे ते बरंच काही बोलले आणि काकांनी मान खाली घालून ऐकलं. "उद्या सकाळी घेऊन या त्यांना," शेवटी डॉक्टर म्हणाले. "पण सांगायचं तुम्ही, मी नाही."

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मेहुणा दाराशीच थांबला. बाई खिडकीजवळ बसून लापशीसारखं काहीतरी चमच्याने खात होत्या; कवळी बाजूला कपात होती. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. एकही शब्द सावरला नाही.

बाईंनी चमचा खाली ठेवला. कवळीशिवाय त्यांचं बोलणं मऊ झालं होतं, पण नजर तीच होती.

"मला वाटलं, माझंच तोंड आकसलं," त्या म्हणाल्या. "वय झालं. देवाने आवाज परत मागितला असेल, म्हटलं, देऊन टाकू. तीन महिने मी त्याच्याशी भांडतेय, आणि काम निघालं तुझं!"

काकांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं, आणि ते फारसं शोभलं नाही.

"चुकलो बाई. माफ करा."

"केलं. पण उद्या किती वाजता यायचं ते सांग. कोरड्या क्षमेवर मला पाव चावता येत नाही."

वेळ ठरली. तरी काका जागचे हलेनात. "बाई, एक विचारू? या तीन महिन्यांत माझं तारण गेलं होतं का?"

"तुला झोप लागत होती?"

"नाही."

"भाकरी घेतलीस?"

"हिंमतच झाली नाही."

"मग कोणीतरी तुझा कान धरून बसलं होतं. ज्याला सोडून दिलं त्याचा कान कोण धरतं?"

दाराबाहेरून समाधानाचा मोठा सुस्कारा ऐकू आला. बाईंनी आवाज चढवला, "आणि बाहेरच्या शहाण्या, तू फुगू नकोस! कान धरणाऱ्याचा हात हा रोज झटकत राहिला असता, तर एक दिवस याला ते दुखणंही कळेनासं झालं असतं. याचं पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही."

परतताना गाडीत एका वळणावर मेहुणाच म्हणाला, "आमच्या शेजाऱ्याशी मी दोन वर्षं बोललेलो नाही. गाडी लावण्यावरून. चूक माझी होती. माझं तारण पक्कं आहे ना, म्हणून मी कधी घाईच केली नाही." त्या संध्याकाळी त्याने शेजाऱ्याची बेल वाजवली. शेजाऱ्याने दार उघडलं, ऐकलं आणि बंद केलं. पण चार दिवसांनी तोच शेजारी जिन्यात "काय, कसं काय?" म्हणाला.

नवी कवळी व्हायला तीन आठवडे लागले. काकांनी साचा दोन्ही हातांनी उचलला, मेणात एकेक दात लावला, बाईंना तीनदा बोलावून घालून बघितली. त्यानंतरच्या रविवारी ऑर्गनवाल्याने सवयीने मागच्या बाकाकडे पाहिलं, तोच पुढून आवाज उठला. थोडा कापरा, पण थेट सुरात. ऑर्गनवाला इतका गडबडला, की त्याचा सूर अर्ध्या ओळीनंतर सापडला. भाकरीची थाळी आली तेव्हा काकांनी ती थांबवली, तुकडा घेतला, आणि काकूंनी त्यांच्या कोटाची बाही हळूच दाबली.

काकांच्या कामातही फरक पडला. हल्ली महिन्यातून एकदातरी डॉक्टरांना मागच्या खोलीतून हाक ऐकू येते, "हे माप पुन्हा घ्या, मला खात्री नाही." डॉक्टर कुरकुरतात आणि घेतात.

बाई पुन्हा गायल्या त्या रविवारी जेवायला त्याही होत्या. मेहुण्याने ताट ओढलं, घसा साफ केला आणि काकांकडे पाहून म्हणाला, "दाजी, स्वर्गात दात असतील का हो?"

"असणारच. पुनरुत्थानात अख्खं शरीर मिळणार, मग दात का नाही?"

"म्हणजे तुमचा धंदा बंद!"

"तुझा तरी कुठे चालणार? तिथे गाड्या कशाला हव्यात?"

"वा, लांबच लांब सोन्याचा रस्ता असणार, आणि गाड्या नकोत?"

दोघांनी एकदमच बाईंकडे पाहिलं. बाई मांसाचा चांगला जाड तुकडा सावकाश, मनापासून चावत होत्या. त्यांनी बोट वर करून दोघांना थांबायला सांगितलं, आणि घास संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही.