फ्लॅशबॅकमधली पिपाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, हा माणूस, आणि याची न सांगितलेली गोष्ट! बरोबर आहे. लग्नाच्या पंगतीत, बसथांब्यावर, अगदी मयतीहून परतताना टेम्पोतसुद्धा मी माणसं हसवलेली आहेत. या गोष्टीचा अर्धा भाग तर कितीदा रंगवून सांगितलाय, टाळ्या घेऊन. उरलेला अर्धा मात्र — थांबा. आधी टाळ्यांचा सांगतो. सवयच तशी.

कोराडीच्या वीज केंद्रात मी तेव्हा स्टोअरमध्ये होतो आणि कॉलनीच्या गणपतीत नाटकं बसवायचो. एका वर्षी नागपुरात एकांकिका पाहायला गेलो आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आलो — फ्लॅशबॅक. नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा तो शब्द मी कॉलनीभर फिरवला. अर्थ सोपा. चालू गोष्ट थांबवायची, दिव्यासमोर निळा कागद सरकवायचा, आणि मागे घडलेलं पुढे आणून दाखवायचं. कागद काढला, पांढरा उजेड आला, की आपण परत आजमध्ये. आठवडाभरात शब्द सगळ्यांच्या तोंडी. उसनी नेलेली बादली परत आणताना एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "फ्लॅशबॅक झाला वं, तुही बादली माह्याच घरी राहून गेली." कँटीनमध्ये कुणी जुनं उणंदुणं काढलं की बाकीचे ओरडत, "निळा कागद लावा गा याले!"

त्या वर्षीच्या नाटकातला माझा फ्लॅशबॅक असा. निळा उजेड, जत्रेची गर्दी, हातात हात धरून दोन भाऊ. धाकटा पिपाणी वाजवतोय. थोरला कुस्ती पाहायला थांबतो. कुस्ती रंगते, आणि टाळ्या वाजवायला तो हात सोडतो. बस्स. पिपाणीचा आवाज विंगेत दूर दूर जातो. आणि पुढच्या रांगेतली एक म्हातारी ताडकन उठून हाक मारते — "गुलाब! थांब रे बाप्पा!" मांडव सुन्न. मग टाळ्याच टाळ्या.

इतकी वर्षं मी एवढंच सांगत आलो. पाहा, कसा फ्लॅशबॅक, की प्रेक्षकांतली बाई नाटकातल्या पोराला हाका मारू लागली! लोक वाहवा करतात. कुणी एकदाही विचारलं नाही — गुलाब कोण? नाटकातल्या पोराचं नाव तर बाळू होतं.

ती किसनभाऊंची माय. किसनभाऊ बॉयलरवर ऑपरेटर, माझ्याहून बरेच मोठे. मायला जवळजवळ काहीच दिसत नसे. शिफ्ट कुठलीही असो, सकाळी तिचा हात धरून ते तिला क्वार्टरांच्या ओळीपलीकडच्या देवळात न्यायचे. आणि गुलाब हा किसनभाऊंचा धाकटा भाऊ. लहानपणी जत्रेत हरवला, पुन्हा मिळाला नाही. त्यानंच हात झटकला आणि पळाला — असं किसनभाऊंनी मायला सांगितलं होतं. तेवढंच धरून ती म्हातारी झाली. खरं काय ते किसनभाऊंनी जन्मात एकालाच सांगितलं, एका संध्याकाळी, कोळशाच्या गाड्या जातात तिथल्या कठड्यावर बसून. मला. मलाच का? मी ऐकणारा चांगला होतो म्हणून? छे. ऐकताना मी डोळ्यांत पाणी आणू शकायचो. मला ते जमायचं.

आणि ऐकता ऐकताच — इथे लिहिताना हात अडतोय — मला तो निळा कागद दिसला.

भान राहिलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण भान होतं. नाटकाचा दिवस ठरवताना मी ड्यूटीचा तक्ता पाहून आलो होतो. किसनभाऊ दुसऱ्या शिफ्टला असतील तोच दिवस मी घेतला. आणि माय? ती येणार हे ठाऊक होतं. पण तिला दिसत नाही, तिला काय कळणार? खरंच, निळा उजेड तिला कळलाच नाही. तिला मागचं काय नि आजचं काय? तिला पिपाणी ऐकू आली. "काय होऊन राहिलं वं?" असं तिनं शेजारणीला विचारलं, आणि शेजारणीनं कानात सांगितलं, "मोठ्यानं हात सोडला वं माय, टाळ्या वाजवाले."

दुसऱ्या दिवशी किसनभाऊ स्टोअरच्या खिडकीशी आले. भुवयांवर राख तशीच.

"मायनं विचारलं मले," ते म्हणाले. "हात तुनं सोडला होता काय रे, म्हणे." मग — "तू कोनाले सांगितलं काय गा?"

मी हसलो. हो, हसलो. "काय किसनभाऊ! जत्रेत हरवलेला भाऊ तर दर दुसऱ्या सिनेमात असते. तुमचा काय संबंध?" आणि वर त्यांना शिकवलं, की याला तंत्र म्हणतात, फ्लॅशबॅक म्हणतात.

त्यांनी मान हलवली आणि गेले. त्यांना खरं वाटलं? नसावं. पण ते भांडले नाहीत. कुठल्या तोंडानं भांडणार? हात तर त्यांनीच सोडला होता. हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी त्याच्याच आडोशाला उभा राहिलो.

मायनं देवळात जाणं सोडलं नाही. पण ती हात धरू देईना. क्वार्टरांच्या भिंतीला तळवा लावून चालायची, आणि मागून किसनभाऊ, रिकाम्या हातांनी. आमच्याकडे भिंतींवर राख बसते. तिच्या तळव्याचा एक पट्टा त्या राखेत उमटत जायचा, खिडक्यांखालून — माझ्याही. राख पडून तो बुजायचा, आणि सकाळी ती पुन्हा ओढायची. मी खिडकीत चहाचा कप घेऊन उभा असायचो. बाहेर कधी गेलो नाही.

माय गेली, आणि भिंतीवरचा पट्टा बुजला तो बुजलाच. किसनभाऊ कॉलनी सोडून गावाकडे गेले. त्यांचा टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला, त्यानंतरच मी ही गोष्ट पंगतीत सांगू लागलो. थोरला हात सोडतो त्या जागी मी स्वतः टाळी वाजवून दाखवतो. तिथे लोकही वाजवतात.