पेट्रोल आणि पाऊणकी

पेट्रोल महागलं की आधी माझा पारा चढतो आणि शहाणपण मागून येतं. हा क्रम माझ्या बाबतीत जुनाच आहे, नवऱ्याला विचारा.

आमचं घर खाडीच्या अलीकडे, चौलच्या बाजूला. मी शिकवते ती शाळा पलीकडे. शाळा द्विशिक्षकी, म्हणजे एक मुख्याध्यापक आणि एक मी. पुलावरून वळसा घालून गेलं की अठरा किलोमीटर, आणि बंदरावरून तरीने, म्हणजे माणसं ने-आण करणाऱ्या होडीने, जेमतेम सात मिनिटं. पण पूल झाल्यापासून गावाने होडीकडे पाठ फिरवली होती. दारात दुचाकी असताना होडीत बसणं कमीपणाचं वाटे. मीही स्कूटर घेतली आणि कित्येक वर्षं ऐटीत वळसा घातला.

मग भाव चढत गेले. पंपावर "फुल करा" म्हणायची सवय सुटली. उतारावर मी इंजिन बंद करायला लागले. एकदा अशीच गुपचूप उतरत असताना वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि मी थेट निवडुंगाच्या कुंपणात. घरी माझ्या हातातले काटे काढताना नवरा म्हणाला, "अगं, त्यापेक्षा होडीने जा ना. डोकं थंड राहील." मी तासभर तणतणले. दुसऱ्या दिवशी बंदरावर गेले.

होडी चालवायची साठी ओलांडलेली एक कोळीण. नवरा गेल्यावर तिनेच वल्ही हातात घेतली होती. सगळं गाव तिला मावशी म्हणे, मीही म्हणू लागले. तिच्या होडीला इंजिन नव्हतं, त्यामुळे भाववाढीचं तिला काडीचं सोयरसुतक नव्हतं.

पहिला आठवडा झोकात गेला. पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळी, नऊ वाजता बंदरावर आले तर काठचं पाणीच गायब. नुसता चिखल आणि त्यात कुशीवर कललेली होडी. मावशी निवांत तंबाखू मळत बसली होती. मी तिच्यावरच खेकसले, "अहो मावशी, शाळेची वेळ झाली माझी!"

"पानी काय तुमच्या शाळंच्या घंटेवर येतं व्हय, बाई?" ती म्हणाली. "आज तिथी कोनती हाय?"

आमच्या घरी तिथी पाळतात ती फक्त संकष्टीला, आणि तीही साबुदाण्याच्या खिचडीसाठी. नशिबाने त्या दिवशी घरी साबुदाणा भिजत होता. "चतुर्थी," मी म्हणाले.

"मंग चाराची पाऊनपट किती?"

"तीन."

"म्हंजे पानी तीन वाजता पुरतं भरंल. आता नवाला कुठनं येनार? जावा घरी, स्कूटर काढा."

मी तिथेच उभी राहिले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होतं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मला शाळेत छडी खाऊन पाठ झाली होती, पण ती कशासाठी असते ते एकाही मास्तराने सांगितलं नव्हतं. मी स्वतः मुलांना ती कधी शिकवलीच नव्हती. शाळेची पायरी न चढलेली मावशी मात्र तीवर रोज होडी चालवत होती. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तिथीखाली मी भरतीची वेळ लिहून टाकली. शाळेच्या वेळेला ओहोटी असेल ते दिवस स्कूटरचे, बाकीचे होडीचे. महिन्यातले बरेच दिवस स्कूटर पडवीत विसावू लागली. पेट्रोल वाचत होतं याचा आनंद होताच, पण कुणाचं काही न ऐकता पाण्यावर बसायला मिळणारी ती सात मिनिटं मला जास्त आवडू लागली. शाळेत मी चौथीला पाऊणकी शिकवायला घेतली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शाळा आहे, बंदर नव्हे." मुलांनी मात्र दोन दिवसांत पाठ केली. त्यांच्या घरी ती आधीपासूनच होती.

त्याच वर्षी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. वरवर धीट, पण मनातून घाबरलेली. एका दुपारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू हवीस. दुसरं कुणी नको." मी तिला शब्द दिला. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधीपासूनची रजाही टाकली. होडीतून जाता-येता हे सगळं मावशीच्या कानावर घालायचेच.

नववा महिना भरत आला तसा नवरा म्हणू लागला, "आता रोज स्कूटरच ने. वेळ सांगून येत नाही."

"अजून पंधरा दिवस आहेत," मी ठसक्यात सांगितलं. माझा हिशोब तोवर कधी चुकला नव्हता. पण तो पाण्याचा हिशोब होता.

वद्य त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणून सकाळी भरल्या पाण्यातून मजेत शाळेत गेले. दुपारी अडीचला नवऱ्याचा फोन आला. "तिला कळा सुरू झाल्यात. रिक्षाने दवाखान्यात नेतोय. तू निघ."

निघ म्हणजे कशी? मुख्याध्यापक एसटीने येणारे, एसटी थेट साडेपाचला, गावातल्या दुचाक्या सकाळीच कामावर गेलेल्या. चारला पुरती ओहोटी, म्हणजे सहापर्यंत होडी हलणार नाही. मी स्वतःला नाही नाही ते बोलत बंदराकडे धावले. तिथे काही उपयोग नाही हे माहीत असूनही धावले.

सगळीकडे चिखल होता. पण मधल्या खोल धारेत होडी तरंगत होती आणि तीत मावशी उभी होती. मला बघून तिने हात केला. मी चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि गुडघाभर चिखलातून निघाले. दोनदा पडले. तिने मला काखेत धरून आत ओढलं.

"होडी इथे कशी?" मला धाप लागली होती.

"आठ दिस झालं, ओहोटीला हितंच नांगर टाकून बसते," वल्हं मारत ती म्हणाली. "भाकर पन हितंच खाते. पोरीचं दिस भरत आलं आनि तुजी स्कूटर घरी. पोर काय तिथी बघून येतं व्हय?"

एरवी मला 'तुमी' म्हणणारी मावशी त्या दिवशी 'तू' म्हणाली. मी नुसती रडत होते. आमच्या बाजूच्या काठालाही तिने मला हाताला धरून चिखलातून वर आणलं.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा मुलीला आत नेण्याची तयारी चालली होती. नर्सबाई माझ्या पायांकडे बघून ओरडल्या. मी नळाखाली पाय धरले आणि तशीच ओल्या साडीने तिच्याजवळ गेले.

तिने माझ्याकडे बघितलं, मग साडीवरच्या चिखलाकडे. "होडीने आलीस? पण आता तर ओहोटी आहे," ती म्हणाली. "मी दुपारी बारालाच कॅलेंडर बघितलं होतं, पाणी उतरायला लागलं होतं. तेव्हापासून पोटात दुखत होतं, पण बाबांना सांगितलं नाही. म्हटलं पाणी भरेपर्यंत थांबू या."

"मावशीने होडी पाण्यात ठेवली होती," मी म्हणाले. "तुझ्यासाठी."

मग तिने माझा हात घट्ट धरला आणि नर्सबाईंना म्हणाली, "चला आता."